अण्णासाहेबांची सत्तावीस कलमं

दिल्लीत बदली होऊन आलेला मराठी माणूस इथल्या थंडीतून सुटतो, नशीब असलं तर डेंग्यूतूनही सुटतो, पण आमच्या अण्णासाहेबांच्या तावडीतून सुटत नाही. अण्णासाहेब म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुमुदताईचे यजमान. केंद्र सरकारात चौतीस वर्षं काढून डेप्युटी सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये महाराष्ट्रातून कुणी नवं बिऱ्हाड उतरल्याचा नुसता सुगावा लागला, की नोकरीत असताना हे संध्याकाळी ऑफिसातून परस्पर तिथे हजर. त्या बिचाऱ्यांच्या बॅगा अजून उघडलेल्या नसायच्या. हे खुर्ची ओढून बसणार, त्यांच्याच नावावर चहा मागवणार आणि ब्रीफकेसमधून झेरॉक्सचे चार कागद काढून त्यांच्या हातात ठेवणार. वर मथळा, 'दिल्लीत भाड्याचे घर निवडताना विचारात घ्यावयाच्या बाबी'. एकूण कलमं सत्तावीस.

कलम एक, घराचे तोंड. कलम चार, पाणी किती वाजता येते व कोणाच्या मोटारीने वर चढते. कलम नऊ, भिंतीस ओल आहे काय. असल्यास कोणत्या ऋतूतील. कलम सोळा, शेजाऱ्याचा हुद्दा. हे कागद मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीच्या पुस्तकांबरोबर वाटले जायचे. लोक ते घडी घालून खिशात ठेवायचे आणि घर मात्र ऑफिसातल्या शिपायाला विचारून घ्यायचे.

यातली गंमत अशी, की या माणसाने उभ्या आयुष्यात एकदाही भाड्याचं घर घेतलेलं नव्हतं. नोकरीला लागले आणि सरकारी क्वार्टरमध्ये गेले. अर्ज करायचा, यादीत नाव लागायचं, पत्र यायचं, किल्ली मिळायची. नळ गळला की कॉलनीच्या इन्क्वायरी ऑफिसात जाऊन रजिस्टरमध्ये तक्रार लिहायची. दोन दिवसांनी प्लंबर यायचा आणि नळ आणखी गळका करून जायचा. घरमालक नावाचा प्राणी अण्णासाहेबांनी फक्त इतरांच्या रडगाण्यांत ऐकलेला. मी मात्र नोएडात अकरा वर्षांत सहा घरं बदलली होती. डिपॉझिट बुडवणारे, दर रविवारी गच्ची बघायच्या निमित्ताने घरात शिरणारे, मुलाचं लग्न ठरलं म्हणून पंधरा दिवसांत बाहेर काढणारे आणि मग तो मुलगा बिनलग्नाचाच फिरताना दिसणारे, सगळ्या जातीचे मालक मी पाहिलेत. पण मंडळात मला कुणी कधी दोन शब्द बोला म्हटलं नाही. मी प्रायव्हेट नोकरीतला. माझ्या अनुभवावर शिक्का नाही.

तर असे हे अण्णासाहेब रिटायर झाले. आर. के. पुरमचं क्वार्टर त्यांना सहा महिने ठेवता येणार होतं. त्यातले पहिले चार महिने त्यांनी यादीची सुधारित आवृत्ती काढण्यात घालवले. दोन महिने उरल्यावर मला फोन आला, कारण गाडी माझ्याकडे होती.

खरी गरज होती ती ताईची. तिचं मी आधी सांगायला हवं होतं, पण आमच्या घरात तिचं नेहमी शेवटीच सांगितलं जातं. ताईने चौतीस वर्षांत पाच क्वार्टर बदलली आणि त्यातलं एकही आधी पाहिलं नव्हतं. पत्र आलं की सामान बांधायचं. बढती झाली की मोठं क्वार्टर, म्हणजे मोठी फरशी पुसायची. तिने स्वतः शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं, तिला स्वतःची पेन्शन होती, चारचौघांत बोलायची पद्धत होती. पण घर म्हटलं की ते अण्णासाहेबांना 'मिळालेलं' असायचं आणि ती त्यात राहायला जायची.

पहिल्या रविवारी आम्ही निघालो. अण्णासाहेब पुढे, मांडीवर फाइल, खिशात होकायंत्र. ताई मागे. निजामुद्दीनच्या पुलावर ती म्हणाली, "विलास, मला काही फार नकोय रे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माणसं दिसली पाहिजेत. पाचही घरांत ओट्यासमोर भिंतच होती. आता हे दिवसभर घरात असणार. मला बघायला दुसरं कुणीतरी पाहिजे."

मी खो खो हसलो. अण्णासाहेब हसले नाहीत. त्यांनी फाइल उघडून पाहिली. "ते यादीत नाही," ते म्हणाले.

"मग घाला ना," ताई म्हणाली.

"यादी फायनल झालीय, कुमुद. आता एक कलम घातलं तर मार्कांचं सगळं गणित बदलतं."

गणित शिकवणाऱ्या बाईला हे ऐकवलं, आणि ती बाहेर यमुनेकडे बघत बसली.

मयूर विहारला भाटिया नावाचा ब्रोकर वाट बघत होता. गुटगुटीत माणूस, दोन मोबाइल, आणि दाखवील ते प्रत्येक घर 'एकदम ए-वन'. त्याने पहिलंच घर खरोखर बरं दाखवलं. तळमजला, दोन खोल्या, समोर बाग, मेट्रो चालत दहा मिनिटांवर. अण्णासाहेबांनी सगळे नळ एकदम सोडले. फ्लश दोनदा ओढला. मला टेपचं एक टोक धरायला लावून बाथरूमची लांबी घेतली. भिंतींना कान लावला. मालक, एक सज्जन बँकवाले, हा प्रकार तोंड उघडं टाकून बघत होते. शेवटी त्यांनी भाटियाला हळूच विचारलं, "ये खरीद रहे हैं क्या?"

ताई तोवर स्वयंपाकघरात जाऊन आली होती. "भिंत आहे," ती म्हणाली.

"मजबूत आहे," अण्णासाहेब म्हणाले. "कलम अकरा. पूर्ण मार्क."

घराला सत्तावीसपैकी चोवीस पडले. अण्णासाहेब मालकाकडे वळले आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "आपका फ्लैट विचाराधीन है."

"जी?"

"विचाराधीन. हम आपको सूचित करेंगे."

मला वाटलं, रात्री फोन करून हो म्हणतील. छे! त्यांनी घरी जाऊन नोट पुटअप केली. कुणाला? स्वतःलाच. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. सकाळी जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला बसून ते नोट लिहायचे, 'अवलोकनार्थ सादर'. दुपारी झोप काढून उठले की दुसऱ्या बाजूला बसून तीच नोट वाचायचे आणि हिरव्या शाईने शेरा मारायचे. त्या चोवीस मार्कांच्या घरावर शेरा होता, 'चर्चा करावी'. कुणाशी, ते लिहिलं नव्हतं. ताई तर त्याच टेबलावर मेथी निवडत होती, म्हणजे तिच्याशी नक्कीच नव्हे.

मंगळवारी भाटियाचा फोन आला, घर गेलं. सोमवारी एक जोडपं आलं, आत उभं राहून टोकन दिलं, संपलं. अण्णासाहेब भडकले. "आम्ही शॉर्टलिस्ट केलेलं घर दुसऱ्याला अलॉट झालंच कसं?" त्यांनी त्या बँकवाल्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही तेव्हा स्मरणपत्र पाठवलं. तो गृहस्थ आजही आपल्या घरी आलेली ती दोन पत्रं पाहुण्यांना दाखवत असेल.

पुढचे तीन रविवार याच चालीने गेले. मी टेप धरतोय, भाटिया घड्याळ बघतोय, ताई स्वयंपाकघरात जाऊन परत येतेय. कुठे बाहेर लिफ्टची डक्ट, कुठे शेजारच्यांच्या न्हाणीघराची जाळी. एका घरात खिडकीच नव्हती, पंख्याचं भोक होतं. अण्णासाहेब गुण देतायत. भाटियाने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, अंकल जी करते क्या थे?" मी म्हटलं, सरकार. तो म्हणाला, "तभी." आणि त्याने पुढच्या रविवारी फोन उचलला नाही.

म्हणून पाचव्या रविवारी आम्ही नोएडात गेलो, दुसऱ्या ब्रोकरकडून. चौथा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी. अण्णासाहेबांनी होकायंत्र काढलं तोच मालक आला. तिशीचा पोरगा, कानात ब्लूटूथ. त्याने घराबद्दल एक शब्द काढू दिला नाही. उलट यांनाच विचारलं. वय किती? सोबत कोण राहणार? मुलं कुठे? मुलगी बंगळुरूला, असं ताईने सांगितलं. त्याने मान हलवली, हात जोडले आणि म्हणाला, "अंकल, बुरा मत मानना. सिर्फ बुजुर्ग लोगों को नहीं देते. कल को कुछ हो गया तो पुलिस, एम्बुलेंस, कौन करेगा? आप समझ रहे हैं ना?"

अण्णासाहेबांना समजायला वेळ लागला. चौतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर 'विचार करता येत नाही' लिहिणाऱ्या माणसाला आपलाच अर्ज तोंडी, उभ्या उभ्या, एका पोराने फेटाळल्याचं कळायला लागतोच. ते होकायंत्र हातात धरून तसेच उभे राहिले. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या, खोटं कशाला बोलू. माणूस घर निवडायला निघतो, पण घरं त्याला निवडतात, त्याचं वय, त्याचं आडनाव, त्याच्या ताटात काय आहे ते बघून. आणि त्याबद्दल यांच्या चार पानांत एक ओळ नव्हती. मग माझं लक्ष ताईकडे गेलं. 'कल को कुछ हो गया तो' हे तिच्याबद्दलही बोललं गेलं होतं. ती पदराने चष्मा पुसत होती. मी टाळ्या थांबवल्या.

क्वार्टर सोडायला आता तीन आठवडे होते. ताईने त्या आठवड्यात मला ऑफिसात फोन केला. हे ती कधी करत नाही. "शाळेतल्या एका मैत्रिणीने घर सांगितलंय. ब्रोकर नाही. यांना सांगू नकोस कुणी सुचवलं ते. नुसतं घेऊन चल."

घर मयूर विहारच्याच एका जुन्या सोसायटीत होतं, तिसऱ्या मजल्यावर. मालकीण विजयालक्ष्मी म्हणून, पासष्टीच्या, बँकेतून निवृत्त, एकट्या. कोइम्बतूरला बहिणीकडे कायमच्या निघाल्या होत्या आणि अर्धं सामान खोक्यांत होतं. आम्हांला कॉफी दिली आणि म्हणाल्या, "आप लोग देख लीजिए. पलंग यहीं छोड़ रही हूँ, चाहिए तो रखिए." वय विचारलं नाही. त्यांना ते आरशातून माहीत होतं.

अण्णासाहेबांनी काम सुरू केलं आणि घर एकेका कलमात आपटू लागलं. तोंड पश्चिमेला. लिफ्ट म्हातारी, मधेच उसासा टाकून थांबणारी. पाणी सकाळी दोन तास. बेडरूमच्या कोपऱ्यात ओल, बारमाही. शेजारी ट्यूशनवाला, हुद्दा शून्य. मी टेप धरून उभा होतो आणि मनातल्या मनात मीही मार्क कापत होतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर मीही ते घर घेतलं नसतं.

ताई बराच वेळ दिसली नाही म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावलो. ती ओट्यापाशी उभी होती. खिडकीखाली सोसायटीचं अंगण होतं आणि त्यात भाजीची गाडी लागली होती. उन्हात चार-पाच बायका वेताच्या बुटक्या मोढ्यांवर बसून मटार सोलत होत्या. पलीकडे दोघे जण पार्किंगवरून एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते आणि तिसरा, वॉचमन, निकाल द्यायच्या आवेशात मधे उभा होता. मटारवाल्यांपैकी एकीने वर बघितलं. डोळ्यांवर हात धरून ओरडली, "दीदी, नई आई हो?"

ताई जराशी घुटमळली. मग खिडकीतून वाकून म्हणाली, "अभी नहीं. आ रही हूँ."

बाहेरच्या खोलीत अण्णासाहेबांनी बेरीज केली. पंधरा. त्यांनी फाइल मिटली, विजयालक्ष्मीबाईंना सौजन्यपूर्वक नमस्कार केला आणि म्हणाले, "देखिए, यह हमारे मानकों में नहीं बैठता."

"टोकन कितना दूँ?" ताईने विचारलं. ती पर्स उघडूनच आली होती.

"कुमुद, पंधरा मार्क आहेत."

"कळलं."

"अगं, पश्चिमेला आहे. जूनमध्ये भाजून निघशील."

"पडदा लावीन."

"निदान विचाराधीन ठेवू. मी आज रात्री नोट..."

"तुम्ही ठेवा," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला गप्प करतात तेवढाच. "ॲग्रीमेंट मेरे नाम पे बनाइए," ती विजयालक्ष्मीबाईंना म्हणाली, आणि चेक लिहायला बसली. सहीत कुमुद लिहिताना तिने 'क'चा उकार नीट वळवला. मला ते चांगलं आठवतंय, कारण त्या खोलीत तेवढीच एक हालचाल होती.

विजयालक्ष्मीबाईंनी पोलिसांच्या पडताळणीचा फॉर्म काढला. त्यात राहणाऱ्यांची नावं लिहायची होती. एक नाव लिहून झालं. "और साहब?" त्यांनी विचारलं.

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. पाच सेकंद पाहिलं असेल. "उनकी फ़ाइल अभी चल रही है," ती म्हणाली. "मंज़ूर हो गई तो जुड़वा देंगे."

विजयालक्ष्मीबाई तोंडावर रुमाल धरून आत गेल्या. कॉफीचे कप न्यायला म्हणून, पण कप टेबलावरच राहिले.

परतताना अक्षरधामपाशी अण्णासाहेबांनी मांडीवरची फाइल उघडली. मग घसा साफ करून म्हणाले, "ठीक आहे. घेतलंच आहे तर आता कार्योत्तर मंजुरी घ्यावी लागेल."

"घ्या ना," ताई मागून म्हणाली. "कुणाकडे मागणार आहात?"

यावर त्यांनी बराच विचार केला. आर. के. पुरमला पोहोचेपर्यंत त्यांना सक्षम अधिकारी सापडला नव्हता. गाडीतून उतरताना त्यांनी मागचं दार स्वतः उघडून धरलं, हे मात्र मी पाहिलं. मग फाइल काखेत मारून, मान खाली घालून, ते कुलूप उघडायला पुढे गेले.

मला आता हसू आवरेना. ताई माझ्या खिडकीपाशी थांबली होती. "मानलं तुला," मी म्हटलं. "कसलं उडवलंस त्यांना! चौतीस वर्षांचा हिशेब एका चेकात. पश्चिमेचं घर, पंधरा मार्क, आणि तरी..."

"हसू नकोस," ती म्हणाली. "तू सहा घरं बदललीस ना?"

"हो."

"अलकाने त्यातली किती आधी पाहिली होती?"

अलका माझी बायको. मी म्हटलं, अगं तिची शिफ्ट असते, तिला वेळ कुठे असतो, आणि मला अनुभव आहे, मी पाऊण तासात घर ठरवतो, तिला कशाला उगाच उन्हात फिरवायचं.

"का ते नाही विचारलं," ताई म्हणाली. "किती ते विचारलं."

ती वर गेली. मी तिथेच इंजिन चालू ठेवून बसलो. मला ताईचा राग आला. एवढे रविवार पेट्रोल जाळलं, टेप धरली, आणि वर हे. नोएडाच्या वाटेवर मी स्वतःची बाजू जोरात मांडत होतो. एकट्या माणसाच्या गाडीत वादात नेहमी जिंकता येतं. मी काही हिरव्या शाईने शेरे मारत नाही. मी नोटा लिहीत नाही. मी फक्त जातो, बघतो आणि घरी येऊन सांगतो, की पॅकिंग सुरू कर. हे वाक्य मनात दुसऱ्यांदा म्हटल्यावर मला लाज वाटली. खरोखरची, कान गरम करणारी.

आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. भाडं कमी आहे आणि हवा छान येते, म्हणून मी ते घेतलं होतं. वर पोहोचलो तेव्हा अलका नुकतीच कामावरून आली होती. बूटसुद्धा काढले नव्हते. सोफ्याच्या कडेला टेकून, गुडघ्यावर हात ठेवून ती श्वास घेत होती. भाजीच्या दोन पिशव्या पायाशी होत्या. असं ती रोज बसत असणार. मी रोज टीव्ही बघत असतो.

"अलका," मी म्हटलं, "तुला हे घर आवडतं का गं?"

तिने वर पाहिलं. मी काही गडबड करून आलोय का, ते आधी माझ्या तोंडावर शोधलं. मग ती सावकाश म्हणाली, "ॲग्रीमेंट कधी संपतंय?"